बाहुल्यांची आरास

जपानात दरवर्षी ३ मार्चला मुलींचा सण असतो. त्या निमित्ताने घरोघरी तांबड्या कापडाने मढविलेल्या पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास मांडतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्या खाली तीन दासी, त्यांच्याही खाली पाच वादक. प्रत्येक बाहुलीची जागा ठरलेली असते. आणि ती घरातील वृद्धांना जितकी पाठ असते, तितकी तरुणांना नसते.

नेमकी हीच गोष्ट मासाको वाकामिया यांनी हेरली. १९३५ साली जन्मलेल्या या बाई बँकेत नोकरी करीत. निवृत्तीच्या सुमारास वृद्ध आईच्या शुश्रूषेमुळे त्यांना घराबाहेर पडणे कठीण झाले, तेव्हा संगणकाच्या द्वारे त्यांनी लोकांशी गप्पागोष्टी सुरू केल्या. पुढे स्मार्टफोन आले. त्यांवरील खेळांत चपळ बोटांचे तरुणच जिंकत. म्हाताऱ्यांची हार ठरलेली! वृद्धांना जिंकता येईल असा एखादा खेळ करावा, असे त्यांनी तरुणांना सुचवून पाहिले. पण कोणी मनावर घेईना. मग वयाची ऐंशी उलटल्यावर त्या स्वतःच ती विद्या शिकल्या आणि २०१७ साली त्यांचे ‘हिनादान’ हे ॲप तयार झाले. बारा बाहुल्या चार पायऱ्यांवर आपापल्या जागी बसवावयाच्या, एवढाच तो खेळ. पडद्यावरून बोट सरकवीत नेण्याची त्यात गरज नाही. नुसते टेकविले की पुरे. म्हाताऱ्या बोटांना सरकविणे जड जाते, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावे लागले नव्हते.

वृद्धांसाठी ॲप करावयाचे म्हणजे अक्षरे मोठी करावयाची, अशी पुष्कळांची समजूत असते. अक्षरे मोठी हवीतच; पण तेवढ्याने एकटेपणा कसा जावा? औषधाची वेळ सांगणारे ॲप उपयोगी खरे, परंतु ते आजीला केवळ सांगत असते, तिला विचारीत काहीच नाही. ‘हिनादान’ खेळताना मात्र अडेल तो नातू, आणि जागा दाखवील ती आजी.

फोनमुळे माणूस एकलकोंडा होतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि ज्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, त्यांची सोबत्यांशी गाठ घालून देणारे साधन टाकून देण्यात शहाणपण नाही. अशी साधने करणाऱ्यांनी आपले काम प्रथम चार वृद्धांच्या हाती द्यावे. ते कोठे अडखळतात ते शांतपणे पाहावे आणि त्याप्रमाणे पडदा बदलावा. “आजोबा, तुम्हांला हे जमायचे नाही,” असे म्हणून फोन त्यांच्या हातून काढून घेऊ नये.