बारावा अध्याय, पहिल्या वचनानंतर

डोळ्यांत औषध घालणं हे दोन माणसांचं काम आहे, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनात सांगण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासात टेबलावरून उठवलं, डोळ्यावर पट्टी लावली, काळा चष्मा दिला आणि चहा-बिस्किट देऊन घरी पाठवलं. खरी कसोटी घरी आल्यावर लागली. दोन बाटल्या. एक दिवसातून सहा वेळा, दुसरी चार वेळा. आधी बाटली हलवायची, एका औषधानंतर दुसऱ्याला पाच मिनिटं थांबायचं, आणि दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत आणायची. ह्यांनी त्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. ते अक्षर बघून मला आधी वाटलं, सुट्टीत आलेल्या नातवाने लिहिलंय.

मी पलंगावर आडवी पडायची, हे बाटली घेऊन डोक्याशी उभे राहायचे. पहिला थेंब भुवईवर. दुसरा गालावरून ओघळून कानात. तिसरा उशीवर.

"अहो, डोळा इथं आहे."

"तुझा डोळा हलतोय."

"डोळा नाही हलत. तुमचा हात हलतोय."

बोलून गेले आणि जीभ चावली. हे काही बोलले नाहीत. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, आणि चौथा थेंब बरोबर डोळ्यात पडला.

हा हात कोणाचा, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे चित्रकलेचे शिक्षक. इथे नगरमध्ये एका शाळेत एकतीस वर्षं फळ्यावर फुलदाण्या काढल्या. मंडळीत दर नवीन वर्षाला एक वार्षिक वचन असतं. फ्लेक्स येण्याआधी ते वचन पाटीवर रंगवायचं काम ह्यांचंच. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेआधी रंग वाळला पाहिजे म्हणून नाताळ संपला की आमच्या पडवीत टर्पेंटाइनचा वास सुरू. पाटीवर पट्टी धरायची नाही, दोरी मारायची नाही, नुसता ब्रश. वेलांट्या अशा, की शब्बाथ शाळेतली पोरं त्यावरून बोट फिरवायची.

त्याच हाताने हे प्रभुभोजनाचा ट्रे फिरवायचे. पंच म्हणून बावीस वर्षं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे द्राक्षरस अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांतून देतात. गोल ट्रेमध्ये भोकं असतात आणि प्रत्येक भोकात एक पेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब भाकर मोडतात, सगळे डोळे मिटतात, आणि त्या शांततेत पंच ट्रे घेऊन बाकांमधून फिरतात. तीन वर्षांपूर्वी त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. किणकिण. पेले एकमेकांना लागत होते. अगदी बारीक, लांबून बैलगाडी यावी तसा. मी डोळे उघडले नाहीत. कोणाच्या हातातला ट्रे आहे हे मला कळलं होतं.

पुढच्या महिन्यात हे मागच्या बाकावर बसले. कोणाला काही सांगितलं नाही, राजीनाम्याची चिठ्ठी दिली फक्त. मग मंडळीत चर्चा. कोणी म्हणालं, हिशेबावरून रागावले. कोणी म्हणालं, विश्वासात थंड पडले. ट्रे एका तरण्याताठ्या मुलाकडे गेला. तो छान धरतो. बिलकूल आवाज येत नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कंपवाताचा तो मोठा आजार नाही. काही माणसांचे हात वयाबरोबर असे थरथरतात, गोळीने थोडा फरक पडेल. थोडा पडला. आता यात पंचाईत अशी, की आमच्या मंडळीत दुखण्याला दोनच खिडक्या आहेत. एक प्रार्थना-विनंतीची: अमक्याचं ऑपरेशन, तमकीची परीक्षा, एकाचा व्हिसा, एकीचं लग्न. दुसरी साक्षीची: प्रभूने बरं केलं, हालेलूया. हात थरथरणं यांतल्या कुठल्याच खिडकीवर चालत नाही. ते बरं होणार नाही, म्हणून साक्ष नाही. जिवावरचं नाही, म्हणून विनंती नाही. डाव्या गुडघ्याने जिना नाकारणं, गॅस बंद केला की नाही म्हणून तीनदा उठणं, बोलता बोलता जावयाचंच नाव न आठवणं, हा सगळा माल खिडकीवरून परत येतो.

आणि गंमत अशी की शास्त्रात या मालाला अख्खा अध्याय दिलेला आहे.

उपदेशकाचा बारावा अध्याय. त्याचं पहिलं वचन ठाऊक नाही असा ख्रिस्ती तरुण नगर जिल्ह्यात सापडणं कठीण. तारुण्यातच निर्माणकर्त्याची आठवण ठेव, या अर्थाचं ते वचन तरुण संघाच्या प्रत्येक शिबिराच्या बॅनरवर असतं. ह्यांनीच ते पाच-सहा वेळा तरी रंगवलं असेल. बॅनर तिथे संपतो आणि प्रवचनही तिथेच संपतं. वाक्य मात्र तिथे संपत नाही. का आठवण ठेव, तर पुढे काय येणार आहे ते ऐक, असं म्हणून उपदेशक एका पडत चाललेल्या घराचं वर्णन करतो. घराचे पहारेकरी कापू लागलेत. बळकट पुरुष वाकलेत. दळणाऱ्या बायका थोड्याच उरल्या म्हणून दळण थांबलंय. खिडक्यांतून बघणाऱ्यांना अंधुक दिसतंय. रस्त्यावरची दारं लागलीत, जात्याची घरघर मंदावली आहे, आणि पाखराच्या आवाजानेही माणूस उठून बसतोय.

हे घर म्हणजे आपलं शरीर, असा अर्थ फार जुन्या काळापासून लावत आले आहेत. पहारेकरी म्हणजे हात, बळकट पुरुष म्हणजे पाय, दळणाऱ्या म्हणजे दात, खिडकीतल्या म्हणजे डोळे. मूळ हिब्रूत दळणाऱ्या आणि खिडकीतल्या दोघीही स्त्रीलिंगी आहेत. मराठीत दातही पुल्लिंगी आणि डोळाही, तरी वाचताना बाईच दिसते, कारण जात्यावर पुरुष बसल्याचं आपण कोणी पाहिलेलं नाही. माझ्या सासूबाई बाजरी दळताना येशूच्या नावाच्या ओव्या म्हणायच्या; चाल आजीची, नाव नवं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगातून येशूला गायलं, त्याचं कौतुक ग्रंथांतून वाचायला मिळतं. आमच्या घरी ते पिठात सापडायचं. शेवटी सासूबाईंच्या तोंडात दोन दात राहिले होते. भाकरी दुधात कुस्करून खायच्या आणि म्हणायच्या, "दोघीच राहिल्या गं दळायला." त्यांनी उपदेशक वाचला होता की नव्हता, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला त्या नाहीत.

एक कबुली. याच अध्यायात बदाम फुलण्याचा उल्लेख आहे, आणि तो पांढऱ्या केसांबद्दल आहे असं सांगतात. मला ते चाळिशीपर्यंत पटत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाळेच्या मैदानातला बदाम यायचा. पानगळीला लालबुंद होणारा, ज्याची फळं दगडाने फोडून आम्ही खायचो. त्यात पांढरं काय? पुढे कळलं की तो बदामच वेगळा. खरा बदाम हिवाळा सरता सरता, पानं येण्याआधी, अंगभर पांढरट फुलतो. आपल्याकडे लिहिलं असतं तर शेवगा फुलला असं म्हटलं असतं, आणि नगरच्या कुठल्याही बाईला एका झटक्यात कळलं असतं.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येते. ख्रिस्ती बायकांच्या सभेत ती येतेच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा हवी होती म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनातल्या बायकांनीच खिळे जुळवले, छापलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच: 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

या दोघींना माझा साष्टांग सलाम आहे. पण त्यांचं नाव घेऊन मंडळीत आम्हा साठीतल्या बायकांना जे सुनावलं जातं, त्याला माझा विरोध आहे. "बघा, रमाबाईंनी या वयात हिब्रूचं काम केलं!" मला हिब्रू शिकायची नाही हो. मला चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं आहे. म्हातारपण एक तर पराक्रमाचं, नाही तर अंथरुणाला खिळलेलं, म्हणजे फळांची पिशवी घेऊन भेटायला जाण्यासारखं. मधली वीस वर्षं कोणाच्या हिशेबात नाहीत. त्या वीस वर्षांत आम्ही खुर्च्या मांडतो, नाताळच्या करंज्या तळतो, अर्पणाचे पैसे मोजतो आणि 'अनुभवी' म्हणवून घेतो.

पाळकसाहेबांना मी हे बोलले. ते अठ्ठावीस वर्षांचे आहेत, भला मुलगा आहे. म्हणाले, "काकू, मी त्या अध्यायावर काय बोलू? माझं तर अजून अक्कलदाढेचं चाललंय." हे मात्र मला पटलं. ज्याच्या खिडक्या स्वच्छ आहेत त्याने अंधाराबद्दल बोलावं, ही अपेक्षाच चूक. मग मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, नुसतं वाचा. पहिलं वचन वाचता तसं पुढची सहाही वाचा आणि खाली बसा. त्यावर ते हसले. अजून वाचलेलं नाही. ऑगस्टच्या शिबिराचा बॅनर मात्र छापून आला आहे. त्यावर काय आहे ते सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो ट्रे ह्यांच्या हातातून जायला नको होता. आपण कोणाची मोडलेली भाकर खातो, कोणाचं सांडलेलं रक्त म्हणून तो घोट घेतो? त्या टेबलाशी हात स्थिर असण्याची अट कुठल्या शास्त्रात आहे? पेले किणकिणले तर किणकिणू द्यायचे. दोन थेंब पांढऱ्या कपड्यावर सांडले तर कपडा धुता येतो, तो तसाही महिला मंडळच धुतं. हे मी ह्यांना तीन वर्षांत कधी म्हटलं नाही. कारण हे जेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. पहिल्या रविवारी पोटात जो गोळा यायचा तो बंद झाला. मंडळीला नावं ठेवताना एवढं कबूल करायला हवं.

आमची घरची उपासना रात्री नऊला. पूर्वी सहा जण बसायचो: सासूबाई, दीर, मुलं. मुलं पेंगायची, हे आळीपाळीने वचन वाचायला लावायचे. आता दोघंच. मोठ्या अक्षरांचं बायबल आणलंय, इतकं जड की मांडीवर घेतलं तर पायाला मुंग्या येतात; त्याच अध्यायात म्हटलंय की टोळही भार होतो, तो भार हाच असावा. ऑपरेशनपासून मला वाचायला मनाई होती, म्हणून हे वाचायचे. पुस्तक टेबलावर ठेवून, कारण हातात धरलं तर ओळी नाचतात. नऊचं औषध आणि नऊची उपासना एकाच वेळी आली. मग आम्ही असं बसवलं, की पहिला थेंब घालायचा, आणि दुसऱ्यासाठी थांबायचं त्या पाच मिनिटांत वाचायचं. पाच मिनिटांत एक स्तोत्र नीट होतं. एकशे एकोणिसावं सोडून.

एका रात्री ह्यांनी न विचारता उपदेशकाचा बारावा काढला. मी डोळे मिटून पडलेली. पहारेकऱ्यांपाशी आले आणि थांबले. मला वाटलं ओळ चुकली. मग पुढे वाचलं, खिडकीतल्यांपर्यंत. "हा तर आपलाच पत्ता आहे," म्हणाले, आणि बाटली हलवायला घेतली. ती बाटली हलवायला मात्र ह्यांना काहीच कष्ट पडत नाहीत, हे मी मोठ्याने म्हटलं. ह्यांना इतकं हसू आलं की पुढचे दोन थेंब नाकावर पडले.

महिनाभराची बाटली अठरा दिवसांत संपली. दुसरी आणायला मीच गेले, काळा चष्मा लावून. मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"काकू, औषध डोळ्यात घालताय ना?"

"घालतोय रे," म्हटलं. "जमेल तसं."

त्याने दोन बाटल्या काढून ठेवल्या.