भरपाई कोणाच्या खिशातून आली?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी जमीनदोस्त झाली, तेव्हा आपद्ग्रस्तांना मिळणाऱ्या पैशाविषयी आयकर कायद्यात सर्वसाधारण माफी नव्हती. ती २००७ च्या वित्त कायद्याने कलम १०(१०बीसी) म्हणून आली आणि २००५-०६ या करआकारणी वर्षापासून मागाहून लागू झाली. चांगलेच झाले. पण माफी फक्त केंद्र सरकार, राज्य सरकार वा स्थानिक संस्थेने दिलेल्या भरपाईला. कोणाचे किती बुडाले हे कायदा पाहत नाही, पैसे कोणी दिले एवढेच पाहतो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले, हा भेद तसाच राहिला.

आमच्या भिलाईत याचा अर्थ काय, ते पाहा. यार्डातल्या रेल्वे कामगाराचा मालक केंद्र सरकार. शेजारच्या पोलाद कामगाराचा मालक 'सेल', म्हणजे कंपनी. उद्या शिवनाथच्या पुरात दोघांचीही घरे गेली, तर रेल्वेने दिलेली भरपाई सरकारची म्हणून माफीत बसू शकते. कारखान्याने दिलेली मदत मात्र पगारात धरून तीतून कर कापला जाईल. ठेकेदाराकडच्या मजुराला मुळात काही मिळालेच, तर पुढचा प्रश्न! विम्याचे पैसेही निर्धास्त नाहीत. पूर, भूकंप वा आगीत नष्ट झालेल्या भांडवली मालमत्तेच्या विम्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

सरकारला हे सुधारता येत नाही, असे मुळीच नाही. भोपाळचे १९८९ चे ४७ कोटी डॉलर युनियन कार्बाइड कंपनीचेच होते, तरी त्या कायद्याखाली वाटलेल्या भरपाईला स्वतंत्र कलमाने माफी दिली गेली. कोविडने मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला मालकाने दिलेली रक्कम २०२२ मध्ये करमुक्त झाली, तीही मर्यादेविना. अमेरिकेत ओहायोतील ईस्ट पॅलेस्टाइन येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये रसायने नेणारी मालगाडी घसरली. रेल्वे कंपनीने रहिवाशांना दिलेले पैसे डिसेंबर २०२४ च्या कायद्याने करमुक्त ठरले. मग महामारीत मेलेल्याला एक न्याय आणि पुरात बुडालेल्याला दुसरा, हा कुठला हिशेब?

मालक, कंपनी वा विमा यांपैकी कोणीही दिलेली आपत्तीची भरपाई, झालेल्या नुकसानीपुरती, करमुक्त करावी, ही मागणी महासंघाने अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनात घालावी. तोवर सभासदांनी पंचनाम्याची प्रत आणि रक्कम कशापोटी मिळाली हे लिहिलेले पत्र जपून ठेवावे.