बादल का बिथरला?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण घोड्यावर बसले आहेत? माथेरानला जाऊन आलेल्यांचे हात नक्की वर झाले असणार! पर्यटकांच्या मोटारी तिथे दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढच्या लाल मातीच्या रस्त्यांवर घोड्यांची ये-जा चालू असते. आजची गोष्ट तिथल्याच एका घोड्याची. नाव बादल, वय नऊ वर्षे, रंग करडा आणि स्वभाव अगदी गरीब.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत बादलच्या मालकांचा मला फोन आला. "डॉक्टर, बादलनं आज एका पोराला पाडलं. मनगटाचं हाड मोडलं त्याचं. आठवड्यात तिसऱ्यांदा बिथरलाय. आता ह्याला विकूनच टाकतो."

मी गेलो तेव्हा मालक तबेल्याबाहेर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. दिवाळी आणि उन्हाळा या दोन हंगामांत जे मिळेल त्यावर त्यांचे वर्षभर घर चालते. आसपासच्या लोकांचे सल्ले चालूच होते. एकजण म्हणाला, "जनावर माजलंय, चाबूक दाखवा." दुसरा म्हणाला, "त्या वळणावरच काहीतरी आहे. नारळ फोडा."

मी म्हटले, "मामा, चाबूकही नको आणि नारळही नको. आधी तपास करू. गरीब घोडा एकाएकी असा वागतो, तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं."

तपास म्हटला की वही हवी! मामांची सातवीतली मुलगी धावत जाऊन वही घेऊन आली. आम्ही चार प्रश्न लिहिले. घोडा कधी बिथरला? कुठे बिथरला? पाठीवर कोण होते? आणि अलीकडे काय बदलले?

उत्तरे अशी मिळाली. पहिल्या वेळी सकाळी नऊ वाजता, एका उताराच्या वळणावर. पाठीवर एक बाई होत्या. दुसऱ्या वेळी दुपारी चारला, त्याच वळणावर. पाठीवर एक जाडजूड गृहस्थ. तिसऱ्या वेळी दिवेलागणीला, दुसऱ्याच रस्त्यावर. पाठीवर तो दहा वर्षांचा मुलगा.

"डॉक्टरकाका, तो सावलीला घाबरत असेल का? सिकंदराचा घोडा घाबरायचा ना?" मुलीने विचारले.

शाबास! ही गोष्ट प्लूटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवली आहे. ब्युसेफलस नावाचा घोडा कोणालाच पाठीवर बसू देत नव्हता. सिकंदर तेव्हा लहान मुलगाच होता. त्याच्या लक्षात आले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले. सावली मागे पडली आणि घोडा शांत झाला. म्हणजे सिकंदरानेही आधी कारणच शोधले!

पण आमच्या वहीत सावलीचे गणित जुळेना. त्या वळणावर सकाळी सावली एकीकडे पडते आणि दुपारी दुसरीकडे. तिसऱ्या वेळी तर सूर्य मावळलेला होता. म्हणजे सावली बाद. तिसरी घटना दुसऱ्याच रस्त्यावर घडलेली, म्हणून 'वळणावरचे काहीतरी'सुद्धा बाद. बसणारे तिघे तीन वजनांचे. मग तिन्ही वेळा सारखे काय होते?

मुलगी वहीकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "उतार!"

आता बादलची तपासणी. खोगीर न घालता मामांनी त्याला त्याच वळणावरून हाताने चालवत नेले. बादल शांत! मग मी त्याचे तोंड उघडून पाहिले. घोड्याचे दात झिजतात आणि हिरडीतून हळूहळू वर येत राहतात. वेडेवाकडे झिजले तर त्यांना धारदार कडा येतात आणि गालाला आतून जखमा होतात. मग लगाम ओढला की घोडा कळवळतो. पण बादलचे तोंड ठीक होते. चारही खूर तपासले. नाल ठोकताना खिळा आत रुतला असता तर तो लंगडला असता. तेही नव्हते. डोळेही स्वच्छ होते.

शेवटी पाठ. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथे घोड्याला एक उंचवटा असतो. त्याच्या मागे डाव्या बाजूला मी बोटांनी हलकेच दाबले मात्र, बादलची कातडी थरथरली, पाठ खाली गेली आणि कान मागे चिकटले. मी हात लगेच काढला. तिथे लिंबाएवढी सूज होती. केसांत झाकल्यामुळे ती कोणाला दिसली नव्हती.

"मामा, खोगीर आणा बरं."

खोगीर उलटे केले आणि चोराचा पत्ता लागला. पावसाळ्यात पर्यटक थोडे, त्यामुळे ते चार महिने ओलसर कोपऱ्यात टांगलेले होते. आतल्या भरतीचा डाव्या बाजूला दगडासारखा गोळा झाला होता. आपण मराठीत निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतो ना? इथे तर खरोखरची खोगीरभरतीच दगा देत होती! त्यातच काम नसल्याने बादलच्या पाठीचे स्नायू उतरले होते, त्यामुळे तेच जुने खोगीर त्याला आता नीट बसत नव्हते. सपाटीवर तो ते कसेबसे सोसायचा. पण उतारावर माणसाच्या वजनाने खोगीर पुढे सरकायचे आणि तो गोळा नेमका सुजेवर रुतायचा. मग उसळी मारण्याशिवाय तो करणार काय?

"पण मग हे एकाएकी कसं झालं?" मामांनी विचारले.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, एकाएकी नाही झालं. पंधरा दिवस झाले, तंग आवळताना तो कान मागे टाकतो, चावायला येतो. तुम्ही म्हणालात, नखरे करतोय."

मामा काही बोलले नाहीत. उठून बादलच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

मित्रांनो, घोडा हा गवत खाणारा, शिकाऱ्यांपासून पळून जीव वाचवणारा प्राणी. दुबळेपणा दिसला की शिकारी हेरणार, म्हणून तो दुखणे लपवतो. तो खुणा देतो, पण बारीक. इंग्लंडमधल्या डॉ. स्यू डायसन या पशुवैद्य बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या अशा २४ खुणांची यादी २०१८ साली प्रसिद्ध केली. कान बराच वेळ मागे ठेवणे, शेपूट सारखी झाडणे, तोंड उघडत राहणे, वारंवार ठेचकाळणे, अशा त्या खुणा. त्यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची दाट शक्यता असते.

पुढे काय झाले? बादलला सहा आठवडे पूर्ण विश्रांती आणि औषध. मामांचा ऐन हंगाम बुडाला. तरी त्यांनी त्या मुलाच्या प्लॅस्टरचा खर्च स्वतःहून दिला. कारागिराकडून खोगीर नव्याने भरून घेतले. सूज गेली, तरीही खोगीर दिसले की बादल थरथरायचा. दुखणे गेले तरी भीती मागे राहते ना! मग मुलगी रोज खोगीर जवळ ठेवून त्याला गुळाचा एकच खडा द्यायची. तीळगुळाच्या सुमारास मामा स्वतः त्याच्यावर बसून तो उतार उतरले. दोनदा, चारदा, दहादा. खात्री पटल्यावरच त्याच्या पाठीवर पाहुणे बसू लागले.

दर वेळी दोष खोगिराचाच असेल असे नाही. कधी दात, कधी खूर, कधी डोळा, कधी नुसती भीती. पण आधी दुखणे शोधायचे आणि मगच त्याला खोडकर म्हणायचे, हा क्रम चुकवायचा नाही. आणि कारण सापडेपर्यंत त्या घोड्यावर कोणीही बसायचे नाही.

आता तुमचे काम. घोड्यावर बसण्याआधी हेल्मेट घाला. त्याच्या मागे उभे राहू नका, कारण तिथले त्याला दिसत नाही. त्याचे कान बघा. ते मागे चिकटलेले असतील किंवा तंग आवळताना तो चावायला येत असेल, तर घोडेवाल्या काकांना तसे सांगा आणि त्या दिवशी बसू नका. आईबाबांनो, पैसे दिले असले तरी हट्ट धरू नका बरं का!

आणि हो, घरातले मांजर, कुत्रे किंवा गोठ्यातली गाय एकाएकी वेगळी वागू लागली, तर एक वही घ्या. कधी, कुठे, कोण आणि काय बदलले? चार प्रश्न लिहा आणि वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. ती वही त्यांच्या फार उपयोगी पडेल.