लोखंडी गार्ड बसवण्याआधी गाडीची चासी बघा

बेलवलीहून बारवी धरणाच्या अंगाला गाडी न्यायची म्हणजे मध्ये गुरं आडवी येणारच. म्हणून पुढे जाड पाइपचा गार्ड बसवावासा वाटतो. पण शेतकरी बंधूंनो, गाडी कुठली ते आधी पाहा. बोलेरोला खाली वेगळी चासी आहे, ती वजन पेलते. ईको, डस्टरला तशी चासी नाही. जोडलेला पत्रा हाच सांगाडा. त्याचे पुढचे दोन दांडे धडकेत चुरगळावेत, असेच बनवलेले असतात. त्यांना गार्ड वेल्डिंगने जोडला की ते नीट चुरगळत नाहीत, धक्का आतल्या माणसांना बसतो. एअरबॅगची वेळही चुकू शकते. पायी चालणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकास पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बोलेरोवाल्यालाही सूट नाही, सरपंचांच्या गाडीलाही नाही. (गुरं रस्त्यावर येतात, तर कोंडवाडा चालू आहे का, हेही ग्रामपंचायतीने बघावं.)

गार्ड आधीच बसवला असेल, तर काढताना गॅसने कापू देऊ नका, उष्णतेने दांड्याचा कस जातो. ग्राइंडरने तोडा आणि कंपनीचा बंपर मूळच्या नट-बोल्टवर बसवून घ्या.