डोळ्याच्या पडद्यावर रक्तदाबाची खूण



आमच्या गल्लीतले एक चाचा 30 वर्षे यंत्रमागावर काम करून आता घरी असतात. एके दिवशी म्हणाले, "टीचर, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. फजरनंतर कुरआन वाचताना डाव्या डोळ्याला खालच्या ओळी पुसट दिसतात." नवा चष्मा आला, पण ओळी तशाच. मग मुलगा त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेला. थेंब टाकून डोळ्याचा आतला पडदा तपासल्यावर डॉक्टरांनी विचारले, "बीपीची गोळी घेता का?" चाचांनी ती वर्षभरापूर्वीच बंद केली होती. काही त्रास होत नव्हता ना!

आपली गफलत होते ती इथेच. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, पण आत नुकसान चालू असते. डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. दाब सतत जास्त राहिला की त्या अरुंद आणि कडक होतात, कधी त्यांतून रक्त किंवा पाणी झिरपते. भिवंडीकरांना ताणा-बाणा समजावून सांगायला नको. पडद्यावरही रोहिणी आणि नीला अशाच एकमेकींना ओलांडतात. रोहिणी कडक झाली की त्या ठिकाणी नीला दाबली जाते. तिथे रक्त साकळले, तर तेवढ्या भागाची नजर अंधुक होते. चाचांचे तेच झाले. आता डोळ्यात इंजेक्शने चालू आहेत. नजर किती परत येईल, हे डॉक्टरही आज सांगू शकत नाहीत.

शरीर न कापता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात, त्या या पडद्यावरच. म्हणून तिथे बिघाड दिसला तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांचीही काळजी घ्यायला हवी, असे समजावे.

तिशीनंतर प्रत्येकाने बीपी मोजून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मोजतात. आकडा वारंवार 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार हवेतच. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. रमजानमध्ये ती सहरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठही त्यातच मोजायचे. बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नाही. नजर अचानक गेली किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नजर ही अल्लाहची अमानत आहे. चाचा आता गोळी चुकवत नाहीत. डब्यावर नातीने वार लिहून दिले आहेत. तुमच्या अम्मी-अब्बांचे बीपी शेवटचे कधी मोजले होते? आजच विचारा.