गवत कुणाला विचारून उकरलं?

२०१९च्या पावसाळ्यात मीही खड्डे खणले. महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायची घोषणा झाली होती. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या एका माळावर आम्ही शहरातून बसने गेलो. रोपं गिरिपुष्पाची. मेंढरं घेऊन आलेला एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "झाडं लावा की. पण गवत कुणाला विचारून उकरलं?"

आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ज्याला आम्ही 'पडीक' म्हणत होतो, तो माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हतं. कमी पावसाच्या या पठारावर गवताळ माळ हीच जुनी, जिवंत परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक तिथलेच. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरेपर्यंत अनेक धनगरांचे वाडेही तिथेच असतात. 'पडीक' हा महसुलाच्या वहीतला शब्द: जिचा सारा येत नाही ती जमीन पडीक. इंग्रज गेले, वही राहिली.

लागवडीमागोमाग कुंपण आलं, चराईबंदीची पाटी आली. बागायतदाराच्या गोठ्यात कडबा असतो, उसाचं वाढं असतं. ज्याला जमीनच नाही, त्याची शेरडंमेंढरं कुठे जाणार? निसर्ग सुधारल्याचं श्रेय आम्हाला, आणि भुर्दंड त्याला.

अतिचराई होत नाही असं मी म्हणत नाही. होते. पण कोणता तुकडा किती दिवस राखायचा, हे त्या गवतावर जगणाऱ्याला वगळून कसं ठरेल? अहवालांत 'लोकसहभाग' असतो; प्रत्यक्षात सगळं ठरल्यावर खड्डे खणायला बोलावणं येतं.

कायदा याहून पुढे आहे. २००६चा वनहक्क कायदा वनजमिनीवर फिरस्त्या पशुपालकांचाही चराईचा हक्क मानतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथले निर्णय ग्रामसभा घेते. पण वर्षातले काही महिनेच माळावर असणाऱ्या धनगराला त्या गावच्या सभेत कोण बोलावतं? गावाला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं, असं होत नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी एवढंच मागतो. पहिली कुदळ मारण्यापूर्वी तिथे चारणाऱ्याला विचारा, तो माळावर असेल त्या दिवसांत विचारा. आणि तो 'नको' म्हणाला, तर रोपं परत न्या.