चकाचक करून देतो!

आपल्याकडे जुनी गाडी ‘रिस्टोअर’ करायची रीत ठरलेली आहे. गाडी गॅरेजात लावायची, रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा, लांबी भरायची, मूळ रंगापेक्षा दुप्पट चमकणारा रंग मारायचा आणि लग्नात नवरा-नवरीला बसवून फोटो काढायचे. याला रिस्टोरेशन म्हणणं मी सोडून दिलं आहे. ही पुसापुशी आहे. आणि ती करणाऱ्यांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी १९७५ची. फियाट ११०० डिलाइटचं नाव बदलून पद्मिनी झालं, त्याच्या पुढच्याच वर्षीची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी, आणि मागची सीट उचलली की अजूनही सरकी सापडते. ताईच्या लग्नाआधी बाबांनी ती यवतमाळातल्या एका गॅरेजात दिली. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होतो. उजव्या दाराचं आतलं पॅनल उघडल्यावर पत्र्यावर पिवळ्या मेणखडूनं लिहिलेला तीन आकडी नंबर दिसला. पेंटर म्हणाले, “भाऊ, हे ठेवून काय करता? आतलं कोणाले दिसते?” मी म्हणालो, तुम्ही तुमच्या हिशेबानं करा. मला मीटिंग होती.

दोन दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा चूक कळली. नंबर प्रायमरवर लिहिलेला होता आणि त्याच्यावर गाडीच्या मूळ रंगाचे बारीक तुषार बसले होते. म्हणजे आकडा आधी, रंग नंतर. शोरूमवाला किंवा नंतरचा कुठलाही मिस्त्री प्रायमर आणि रंग यांच्या मधे जाऊन लिहू शकत नाही. तो नंबर कुर्ल्याच्या कारखान्यात, रंगाच्या आधी, कोणीतरी हातानं घातला होता. डिकीच्या झाकणाच्या आतही तोच आकडा निघाला. हे दार आणि हे झाकण एकाच बॉडीचे, एवढं त्यातून कळतं. मी फोन केला तोवर डाव्या दाराला पेंट रिमूव्हर लावून झाला होता.

अशा खुणा गिऱ्हाइकासाठी नसतात, त्या एका कामगारानं पुढच्या कामगारासाठी ठेवलेल्या असतात. बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर रंगाचा ठिपका. दिसायला सारख्या पण ताकदीनं वेगळ्या स्प्रिंगा ओळखायला रंगीत पट्टे. तपासनिसाचा शिक्का. पत्रे एकमेकांशी जुळवल्यावर ती जोडी चुकू नये म्हणून मेणखडूचा नंबर. आमच्या धंद्यात कोणी कोडचा जुना लॉग ‘दिसायला बरा नाही’ म्हणून उडवला तर त्याला घरी पाठवतील. गाडीच्या बाबतीत आपण त्याला वर मजुरी देतो.

आता म्हणाल, एका आकड्याचं एवढं काय? केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी अट आहे. आमची गाडी २०२५मध्ये पन्नाशीची झाली. पण मूळ स्वरूप दाखवायचं कशावरून? चकचकीत रंगावरून? तो तर गेल्या महिन्यातला आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदावर असतात, दाराला तसा कागद नसतो. डावं दार मूळचं आहे हे मला माहीत आहे, पण दाखवायला आता काही उरलं नाही.

आणि विचारायला जायचं तरी कुठे? वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, दत्ता सामंतांची युनियन जिथे होती ती. तिच्या कुर्ल्याच्या जागेवर आता इमारती आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळे गहिवरले. पण काळ्या-पिवळ्या रंगाखाली काय लिहिलंय हे बघायला कोणी थांबलं नाही. कारखाना गेला, गाड्या भंगारात चालल्या. उरलेली प्रत्येक पद्मिनी हाच तिचा कागद आहे, आणि आपण त्याच्यावर पॉलिश पेपर मारतो आहोत.

याच्या उलट टोकाचे हौशीही मला पटत नाहीत. अमेरिकेत कॉर्व्हेटसारख्या गाड्यांच्या स्पर्धांत या खुणांना गुण असतात. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी तर १९७४पासून, म्हणजे आमच्या गाडीच्याही आधीपासून, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती याचा किस पाडते आहे. त्या अभ्यासाला माझा सलाम. पण त्याच नादात खुणांचे तयार स्टेन्सिल आणि स्टिकर बाजारात आले. गुळगुळीत नव्या पत्र्यावर खडूनं मुद्दाम गबाळा आकडा काढायचा आणि गुण मिळवायचे. हा सरळ खोटा सातबारा झाला. माझ्या एका मित्रानं डाव्या दारावर तोच नंबर काढून द्यायची तयारी दाखवली. अक्षरही हुबेहूब जमवलं होतं. मी नको म्हणालो.

पेंटरांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. गंज खाली पसरत असेल तर खरवडावंच लागतं. खुणेसाठी दार कुजू द्या असं माझं म्हणणं नाही. पण आधी शेजारी पट्टी धरून फोटो काढा. थिनर आणि पेट्रोलनं मेणखडू विरघळतो, म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं हलकं पुसा. गंज नसेल तिथे हातभर जागा टेप लावून झाका आणि रंग तिच्या कडेपर्यंतच मारा. मूळ रंग कोणता हे शोधायचं असेल तर रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या आत रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं उतरती घासा, थरांची वर्तुळं एकेक करून उघडतात. या सगळ्याला एक दुपार लागते. रंगाच्या खर्चापुढे ती काहीच नाही, पण ती मागायची मालकानं असते. पेंटरांना दोष देऊन मी सुटणार नाही. ‘एक नंबर चकाचक’ हे शब्द आमच्या घरातून गेले होते.

उजवं दार आणि डिकीचं झाकण आता तसंच ठेवलं आहे, आकड्याभोवती टेप लावून. पॅनल बसवल्यावर ते कोणालाच दिसणार नाही. डावं दार आतून कोरंच राहील. गाडीच्या फाइलमध्ये मी तारीख टाकून लिहून ठेवलं आहे की इथली खूण २०२५मध्ये आम्ही पुसली.